निमो मासा घरी वाढवायचा? टाकीला अनुदान आहे, पण पिल्लांच्या पहिल्या दहा दिवसांचे काय

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या घटकांच्या यादीत 'शोभिवंत मासे' या शीर्षकाखाली एक छोटी ओळ आहे. घरगुती शोभिवंत मत्स्य संगोपन युनिट, सागरी व गोड्या पाण्यातील, एकक खर्च ३ लाख रुपये. यातला 'सागरी' हा शब्द वाचला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकच मासा येतो. केशरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. २००३ च्या चित्रपटानंतर जगभर त्याला 'निमो' म्हणू लागले. त्याचे व्यवहारातले नाव क्लाउनफिश. दुकानात गप्पीची जोडी थोड्या रुपयांत मिळते, तर या एका माशाला काहीशे रुपये पडतात. मग साहजिकच वाटते की घरातल्या एका खोलीत टाक्या मांडाव्यात, अनुदान घ्यावे आणि पिल्ले विकावीत.

हा विचार चुकीचा नाही. हा मासा घरात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले माणसाच्या हातून वाढतात. अमेरिकेतील फ्लोरिडात १९७० च्या दशकातच त्याची व्यापारी पैदास सुरू झाली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था (सीएमएफआरआय) आणि तमिळनाडूतील परंगीपेट्टई येथील अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र यांनी त्याच्या अनेक जातींची पैदास करून दाखवली आहे. तेव्हा 'होते का?' याचे उत्तर आधीच मिळालेले आहे. लाभार्थ्याने विचारायचा प्रश्न दुसरा आहे. या कामाचा कोणता भाग घरी करायचा, कोणता दुसऱ्यावर सोपवायचा आणि योजना त्यातल्या नेमक्या कशाला पैसे देते?

'संगोपन' आणि 'प्रजनन'

योजनेची कागदपत्रे इंग्रजीत तयार होतात आणि मग आमच्यासारखे अनुवादक ती हिंदी, मराठी, छत्तीसगढीत आणतात. या घटकात दोन वेगळे शब्द येतात. एकाचा अर्थ लहान पिल्लू आणून विक्रीच्या आकाराचे करणे, म्हणजे संगोपन. दुसऱ्याचा अर्थ नर-मादीपासून अंडी मिळवून पिल्ले तयार करणे, म्हणजे प्रजनन. मराठीत दोन्हींसाठी 'मत्स्यसंवर्धन' किंवा नुसते 'मत्स्यपालन' लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात या दोन शब्दांमध्ये २७ लाख रुपयांचे अंतर आहे.

३ लाखांचे घरगुती युनिट आणि ८ लाखांचे मध्यम युनिट ही दोन्ही संगोपन युनिटे आहेत. प्रजनन आणि संगोपन दोन्ही करणारे 'एकात्मिक युनिट' हा वेगळा घटक आहे. गोड्या पाण्यासाठी त्याचा एकक खर्च २५ लाख रुपये आहे आणि सागरी माशांसाठी ३० लाख. म्हणजे योजना आखणाऱ्यांनी सागरी पैदास हे घरच्या पडवीतले काम धरलेलेच नाही. पडवीत पिल्ले वाढतील आणि ती तयार होतील दुसरीकडे, असा त्यांचा हिशेब आहे.

अनुदान सर्वसाधारण गटाला एकक खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींना ६० टक्के आहे. ३ लाखांच्या युनिटवर सर्वसाधारण लाभार्थ्याला १ लाख २० हजार मिळतील आणि १ लाख ८० हजार स्वतःचे किंवा कर्जाचे लागतील. महिला लाभार्थी असेल तर हेच आकडे उलटे होतात. ३० लाखांच्या सागरी एकात्मिक युनिटवर महिलेला १८ लाख अनुदान दिसते, आणि तो आकडा मोठा वाटतो. पण तिचा स्वतःचा हिस्सा १२ लाख येतो, आणि बँकेपुढे बसताना तोच आकडा पुढे येतो.

अंड्यापासून पट्ट्यापर्यंत

हे अंतर इतके का, ते माशाच्या आयुष्यात पाहिले की कळते.

क्लाउनफिशची सगळी पिल्ले सुरुवातीला नर असण्याच्या तयारीची असतात. पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवली की त्यांतला सर्वांत मोठा आणि दांडगा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर होतो, बाकीचे दबून राहतात. मादी मेली तर नर मादी होतो. त्यामुळे दुकानात 'जोडी द्या' म्हणून मिळतील ते दोन मासे जोडी असतीलच असे नाही. पिल्लांपासून सुरुवात केली तर जोडी जमून पहिली अंडी पडायला साधारण एक ते दीड वर्ष लागते. ही एक गोष्ट कर्ज घेणाऱ्याने ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.

जोडी जमली की मात्र काम नियमित चालते. समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो, पण घरी समुद्रफुलाची गरज नाही. आडवे ठेवलेले मातीचे कुंडे किंवा तिरकी लावलेली फरशी त्याला पुरते. त्यावर मादी काहीशे अंडी चिकटवते आणि नर त्यांना पंखांनी पाणी घालत, खराब अंडी वेचून काढत पहारा देतो. २६ ते २८ अंश तापमानात सहा ते आठ दिवसांत अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागतात. त्यानंतर एखाद्या रात्री, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत पिल्ले बाहेर पडतात. चांगली जोडी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते.

इथपर्यंतचे काम मासे स्वतः करतात. अंडी फुटल्या क्षणापासून सगळे माणसाच्या अंगावर येते. पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे असते आणि त्याचे तोंड इतके बारीक असते की दुकानातले कोणतेही कोरडे खाद्य, कितीही दळले तरी, त्याला खाता येत नाही. शिवाय ते हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालते. तळाला पडलेली भुकटी त्याच्या लेखी अन्नच नसते. अंगातला पिवळा बलक संपला की त्याला दिवस-दोन दिवसांत योग्य आकाराचे, पोहणारे, जिवंत अन्न समोर मिळाले पाहिजे. नाही मिळाले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाकी रिकामी दिसते. घरी पैदास करू पाहणाऱ्यांचे बहुतेक प्रयत्न याच टप्प्यावर संपतात.

रोटिफरची बादली

त्या अन्नाचे नाव रोटिफर. खाऱ्या पाण्यात राहणारा हा प्राणी मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंतच्या आकाराचा असतो. उजेडासमोर ग्लास धरला तर पाण्यात धूळ नाचावी तसा दिसतो. त्याला नराची गरज नसते. मादीच माद्या जन्माला घालत जाते, आणि उबदार पाण्यात, पोटभर खाऊन असेल तर त्यांची संख्या दिवसा-दीड दिवसात दुप्पट होते. म्हणून तो घरात पिकवता येतो आणि म्हणूनच तो एका रात्रीत नाहीसाही होतो.

तो पिकवायला मोठे यंत्र लागत नाही. दहा-वीस लिटरच्या स्वच्छ बादल्या, समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडे कमी खारे पाणी आणि हलकी हवा सोडणारी नळी एवढे पुरते. हवेचा जोर कमीच ठेवायचा. रोटिफरचे अन्न म्हणजे सूक्ष्म शैवाल. नॅनोक्लोरोप्सिस नावाचे हिरवे शैवाल यासाठी सर्रास वापरतात. ते खतपाणी घालून प्रकाशात बाटल्यांमध्ये वाढवतात, किंवा दाट केलेले विकत आणतात. शैवाल नसेल तर पावाचे यीस्ट चालते, पण यीस्टवर वाढलेला रोटिफर पोकळ असतो. तो पिल्लाचे पोट भरतो, पण त्यातून हाडामांसाला लागणारी स्निग्ध द्रव्ये मिळत नाहीत. यीस्ट वापरायचेच असेल तर पिल्लांना देण्याआधी काही तास रोटिफर हिरव्या पाण्यात सोडून चारून घ्यावा लागतो. गायीला चारा दिला तसेच दूध, हा नियम इथेही आहे.

रोज बादलीतले चौथाई-तिसरा हिस्सा पाणी अतिबारीक जाळीतून गाळायचे. जाळीवर उरलेले रोटिफर पिल्लांच्या टाकीत जातात आणि बादलीत तेवढेच नवे पाणी व शैवाल घालायचे. पिल्लांच्या टाकीत दर मिलिलिटर पाण्यामागे पाच ते दहा रोटिफर कायम हवेत. म्हणजे ४० लिटरच्या टाकीत एका वेळी दोन ते चार लाख! आकडा ऐकून घाबरायला होते, पण चांगल्या बादलीत दर मिलिलिटरला शंभरांवर रोटिफर सहज असतात, त्यामुळे २ ते ४ लिटर बादलीचे पाणी तेवढे देते. पिल्लांच्या टाकीतच थोडे हिरवे पाणी सोडले तर तिथले रोटिफर उपाशी राहत नाहीत, उजेड मवाळ होतो आणि पिल्लांना शिकार नीट दिसते.

आता यातली अडचण. बादली कधी बसेल सांगता येत नाही. जास्त खाद्य पडले, पाणी तापले, हवा बंद पडली किंवा दुसरे सूक्ष्म जीव शिरले की कालपर्यंत गजबजलेली बादली आज वास मारते. म्हणून एका बादलीवर कोणी विसंबत नाही. तीन बादल्या वेगवेगळ्या ठेवतात, त्यांचे मग आणि जाळ्या एकमेकींत वापरत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंडी पडल्यावर रोटिफर शोधायला निघून चालत नाही. अंडी पडण्याच्या कितीतरी आठवडे आधीपासून बादल्या चालू असाव्या लागतात. पिल्ले नसतानाही त्यांना रोज चारावे लागते.

साधारण सातव्या-आठव्या दिवसापासून आर्टेमिया सुरू करतात. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या तळ्यांतली चिमुकली कोळंबी. तिची सुकलेली अंडी डब्यात मिळतात, डबा काही हजारांत जातो. खाऱ्या पाण्यात, उजेडात, जोराची हवा सोडून ठेवली की २४ तासांत नारिंगी रंगाची पिल्ले निघतात. हवा बंद केली की रिकामी टरफले वर तरंगतात आणि पिल्ले खाली, उजेडाच्या बाजूला गोळा होतात. ती नळीने काढून घ्यायची. टरफले माशांच्या पिल्लांच्या पोटात गेली तर आतडे तुंबते, त्यामुळे इथे घाई करायची नाही. दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान पिल्लावर पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि ते पाण्यात भरकटण्याऐवजी तळाशी, कडेला राहू लागते. इथून पुढे मरतूक पुष्कळ घटते. हळूहळू कोरडे खाद्य सुरू होते आणि तीन-चार महिन्यांत मासा विकण्याजोगा होतो.

पट्टा उमटल्यानंतरचे काम म्हणजे संगोपन. ३ लाखांचे युनिट त्यासाठी आहे. पट्ट्याआधीचे दोन आठवडे हे प्रजनन केंद्राचे काम आहे.

ऐरोली आणि अगत्ती

ही विभागणी फक्त कागदावरची नाही. महाराष्ट्राच्या वन विभागाने जानेवारी २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान. २०१७ पासून 'कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना' राबवली जाते. तिचा विचार असा की खाडीकाठच्या लोकांनी कांदळवन राखायचे तर त्यांना त्यातून काही मिळाले पाहिजे. खेकडापालन, कालवे आणि शिंपल्यांची शेती, पिंजऱ्यातील मासे, पर्यटन यांच्यासोबत शोभिवंत माशांचे पालनही या योजनेत आहे. प्रतिष्ठानच्या नवी मुंबईतील ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी आहे. तिला तांत्रिक साहाय्य लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे (एनबीएफजीआर) आहे.

त्याच ब्यूरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभिवंत सागरी जीवांचे केंद्र उभारले आणि बेटावरच्या महिलांना प्रशिक्षण दिले. तिथली रचना पाहण्यासारखी आहे. जोड्या सांभाळणे, अंडी, जिवंत खाद्य हे सगळे केंद्रात होते. महिला गटांकडे थोडे वाढलेले जीव येतात. गट ते सामुदायिक युनिटमध्ये विक्रीच्या आकाराचे करतात. जोखमीचे पंधरा दिवस ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे त्यांनी घ्यायचे आणि रोजची निगराणी ज्यांच्याकडे वेळ आणि हात आहेत त्यांनी करायची, अशी ती वाटणी आहे.

मला ही रचना लाभार्थ्याच्या बाजूची वाटते. मात्र तिला एक अट आहे. केंद्र जवळ हवे आणि त्याने पिल्ले वेळेवर दिली पाहिजेत. पिल्ले येणारच नसतील तर संगोपन युनिट म्हणजे नुसत्या काचेच्या पेट्या. म्हणून अर्ज करताना टाक्यांच्या कोटेशनआधी विचारायचे ते हे, की बीज कुठून येणार, वर्षात किती वेळा, आणि ते लेखी मिळेल का. दूरच्या जिल्ह्यातून पिल्ले आणायची तर ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, प्रवास आणि वाटेतली मरतूक हे सगळे एका माशाच्या किमतीत धरावे लागते.

पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांतल्या वाचकांना यात एक फायदा आहे. स्वच्छ समुद्राचे पाणी गाळून वापरता येते. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे जाऊन काम डोळ्यांनी पाहता येते. योजनेचे पत्रक दहा वेळा वाचण्यापेक्षा रोटिफरची बादली एकदा पाहिलेली बरी.

पुरानी बस्तीत काय करावे

हे पान रायपूरहून लिहिले जाते आणि त्याचे बरेच मराठी वाचक पुरानी बस्ती, तात्यापारा, बूढापारा भागातले आहेत. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. छत्तीसगढमध्ये सागरी मासा पाळायचा तर पाणी घरी बनवावे लागते. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम कृत्रिम सागरी मीठ या हिशेबाने १,००० लिटरला ३५ किलो. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, त्यात समुद्राच्या पाण्यातली बाकीची द्रव्ये नसतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे लागते. पाणी बदलले की मीठ पुन्हा आलेच.

दुसरी गोष्ट उन्हाळा. रायपूरला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. या माशाला २६ ते २८ अंश मानवतात, तिशीच्या वर त्याला त्रास सुरू होतो. पुरानी बस्तीतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरात आतली खोली बरीच थंड असते हे खरे. तरीही मे-जूनमध्ये पाणी गार ठेवायला यंत्र लागेल आणि वीज गेली तर हवेसाठी बॅटरीचा पंप. विजेचे हे बिल वर्षभराच्या हिशेबात धरल्याशिवाय 'काहीशे रुपयांचा मासा' या आकड्याला अर्थ नाही.

म्हणून रायपूरच्या वाचकाला माझा सल्ला सरळ आहे. याच ३ लाखांच्या घटकात गोड्या पाण्याचे मासेही बसतात, सुरुवात तिथून करावी. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी न घालता थेट पिल्ले देतात. ती जन्मतःच इतकी मोठी असतात की बारीक दळलेले खाद्य लगेच खातात. रोटिफरचा प्रश्नच येत नाही. त्यात हात बसला की गुरामी, फायटर, एंजेल यांच्याकडे वळता येते. त्यांची पिल्ले बारीक तोंडाची असतात आणि तिथे जिवंत खाद्य लागते. फायटर आणि गुरामीला सुरुवातीचे दिवस कुजवलेल्या पाल्याच्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव, नंतर मोइना. मोइना म्हणजे पाण्यातली बारीक पिसू. उन्हात हिरवे झालेल्या पाण्याच्या टबात ती भराभर वाढते आणि चहाच्या गाळणीसारख्या बारीक जाळीने काढता येते. नाल्यातून आणलेले लाल किडे, म्हणजे ट्युबिफेक्स, फुकट मिळतात म्हणून टाकू नयेत. त्यांच्याबरोबर रोग येतो.

मोइनाच्या टबावर आणि रोटिफरच्या बादलीवर करायचे काम एकाच जातीचे आहे. रोज थोडे चारायचे, रोज थोडे काढायचे, पाणी बिघडायच्या आत ओळखायचे आणि एक टब कायम राखीव ठेवायचा. ज्याला वर्षभर मोइना टिकवता आली तो पुढे सागरी माशांत उतरला तर मला त्याची काळजी वाटणार नाही. छत्तीसगढमध्ये कवर्ध्याला मत्स्य महाविद्यालय आहे, प्रशिक्षणाची चौकशी तिथे आणि जिल्ह्याच्या मछली पालन विभागात करावी. बाजाराच्या दृष्टीनेही रायपूर आडबाजूला नाही. शोभिवंत माशांचा देशातला मोठा व्यापार कोलकाता-हावडा भागात आहे आणि हावडा-मुंबई रेल्वेमार्ग रायपूरवरूनच जातो. अर्थात तोच माल स्वस्तात इथेही येतो, म्हणजे स्पर्धा घराशीच आहे. उत्पादन सुरू करण्याआधी शहरातल्या दोन-चार मत्स्यालयांच्या दुकानांत जाऊन कोणता मासा वाटेत जास्त मरतो हे विचारावे. जो प्रवासात मरतो तो स्थानिक माणसाने तयार केला तर दुकानदार घेतो.

एक विनंती मात्र सगळ्यांना. नको असलेले मासे बूढा तालाबात किंवा महाराजबंधात सोडू नका. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच देशभरच्या तळ्यांत पसरला आहे आणि मासेमारांची जाळी फाडतो आहे.

कर्जाचा हप्ता आणि माशाचे वय

छत्तीसगढने २०२१ मध्ये मत्स्यपालनाला शेतीचा दर्जा दिला. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने तो निर्णय एप्रिल २०२५ मध्ये घेतला. या बातम्यांमध्ये 'आता शेतकऱ्यांसारख्या सवलती' असे वाक्य असते. घरगुती युनिटवाल्याच्या दृष्टीने त्यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे खेळते भांडवल, आणि ते त्याला या निर्णयांच्या आधीपासून मिळू शकते. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यपालनासाठी खुले आहे. स्वतःचे किंवा भाड्याचे संगोपन युनिट अथवा हॅचरी असलेल्याला, तसेच स्वयंसहायता गटालाही ते मिळू शकते. बीज, खाद्य, वीज, मजुरी हे त्यात बसते. व्याज ७ टक्के, वेळेवर परतफेड केली तर ३ टक्के सूट, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्के. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या कृषी कर्जाला तारण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. याआधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती.

अनुदान एकदाच मिळते. शैवाल, आर्टेमियाचे डबे आणि वीज दर महिन्याला लागतात. युनिट बंद पडते ते टाकी फुटल्यामुळे क्वचितच, ते पडते खाद्याला पैसे नसल्यामुळे. म्हणून अनुदानाच्या अर्जाबरोबरच कार्डाचा अर्जही विचारात घ्यावा. टाक्या अनुदानातून आणि खाद्य कार्डातून, अशी वाटणी केली तर दोन्ही पैसे आपापल्या कामाला लागतात.

मुदत कर्ज घेणार असाल तर बँकेशी परतफेडीच्या सुरुवातीवर बोला. संगोपनात पिल्ले आणल्यापासून विक्रीपर्यंत काही महिने जातात, तिथे सहा महिन्यांनी हप्ता सुरू झाला तरी निभते. पैदाशीत, वर सांगितल्याप्रमाणे, पिल्लांपासून जोडी बनवली तर पहिली अंडी पडायलाच एक ते दीड वर्ष, त्यावर तीन-चार महिने पिल्ले मोठी व्हायला. तोवर उत्पन्न शून्य आणि खाद्य चालू. हप्ता सातव्या महिन्यापासून असेल तर तो माशांतून फिटणार नाही, घरातून फिटेल. प्रकल्प अहवाल लिहून देणारे एजंट हा काळ बहुधा गाळतात, कारण तो लिहिला तर पहिल्या वर्षाचा नफा दिसत नाही. अहवाल तुमच्या नावाने जातो. त्यात पहिल्या वर्षी किती मासे विकले दाखवले आहेत आणि ते कोणत्या जोडीपासून, हे स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या.

मत्स्य संपदा योजना २०२०-२१ पासून पाच वर्षांसाठी, २० हजार ५० कोटी रुपयांची आखली होती, नंतर ती २०२५-२६ पर्यंत वाढवली. अर्ज जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात बसतात, त्यामुळे शोभिवंत माशांच्या घटकाला या वर्षी तुमच्या जिल्ह्यात किती उद्दिष्ट आहे आणि अर्ज घेणे चालू आहे का, हे आधी विचारा. महाराष्ट्रात सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात आणि छत्तीसगढमध्ये जिल्ह्याच्या मछली पालन कार्यालयात. राष्ट्रीय मत्स्यपालन डिजिटल प्लॅटफॉर्मवर (एनएफडीपी) नोंदणी सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, ती करून ठेवा. आधार, बँक पासबुक, जागेचा किंवा भाडेकराराचा कागद, लागू असेल तर जातीचा दाखला सोबत न्या. महिलेच्या नावाने अर्ज असेल तर जागेचा कागद आणि बँक खातेही तिच्याच नावाने आहे का ते आधी पाहा. ६० टक्क्यांच्या आशेने बायकोच्या नावाने अर्ज आणि सगळे कागद नवऱ्याच्या नावाचे, अशी फाईल परत येण्याचीच शक्यता जास्त.

आणि कार्यालयात अर्जाचा नमुना हातात आला की आधी घटकाच्या नावात 'संगोपन' लिहिले आहे की 'प्रजनन व संगोपन', ते शोधा. नुसते 'मत्स्यपालन' लिहिले असेल तर एकक खर्चाचा आकडा पाहा, ३ लाख आहे की ३० लाख.